ताजा आणि स्पष्ट फोटो

१

गुरुवार, दुपारचे सव्वाबारा. पनवेल तालुक्यातलं एक महिला निवारागृह, स्वयंपाकघरामागचा व्हरांडा. तारेवर कपडे वाळत घातलेले, आत आमटीला फोडणी दिलेली, बाहेर टळटळीत ऊन. व्हरांड्याला छतापर्यंत लोखंडी जाळी आणि आत यायला एकच दार. त्या दारात अधीक्षक किशोरीताई उभ्या होत्या. मध्ये पांढरी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीसमोर हरेश घरत कॅमेरा घेऊन, त्याच्याशेजारी पोलीस उपनिरीक्षक साळवी, आणि भिंतीला टेकून मी.

खुर्चीत बसलेली बाई त्या वेळी तिथून नाहीशी झाली.

पोलिसांच्या कागदावर 'पळून गेली' असं लिहिलंय. चार धडधाकट माणसांच्या समोरून, बंद जाळीतून, गुडघे धरून चालणारी सत्तरी ओलांडलेली बाई पळून गेली असं ज्यांना लिहिता येतं, त्यांना पगार कशाचा मिळतो हे मी आयुष्यभर विचारत आलोय. या वेळी मात्र मी स्वतः तिथे होतो. म्हणून पाहिलं तेवढंच लिहितोय. जे पाहिलं नाही ते माझ्या गळी उतरवायला कुणी येऊ नये.

२

सुरुवात सुकापूरच्या रेशन दुकानात झाली, आणि तीही अगदी रोजच्या कामातून. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीन घेत नाही, आणि मशीन घेत नाही म्हणून त्यांना धान्य मिळत नाही, यावर मी लिहीत होतो. तहसील कार्यालयातल्या साहेबांनी 'तुरळक तक्रारी' असा शब्द वापरला होता. ते तुरळक मोजायला मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

गोदूबाई कडू रांगेत पुढे होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, आगरी पद्धतीनं नेसलेलं, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. त्यांनी अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. परत ठेवला, परत लाल.

"आजी, बोट पुसून ठेवा," दुकानदार म्हणाला.

"पुसून पुसूनच त गेलाय तो," गोदूबाई म्हणाल्या. "आता तुजा ठेव माज्या नावावर. गहू मी नेतंय."

रांगेतले हसले. मी वहीत नाव घेतलं आणि त्यांना हात दाखवायला सांगितलं. वय काय, काम काय केलं, सगळं विचारलं. उरणच्या मिठागरात तरुणपण गेलं, नवरा तिथेच वारला, मूलबाळ नाही, आता भाच्याकडे राहतात. माझी बातमी तयार होती. मिठानं हात खाल्ले, सरकारला त्या हातांचा पुरावा पाहिजे.

हात मी नीट पाहिला. अंगठा गुळगुळीत होता, ते समजण्यासारखं होतं. पण पूर्ण पंजाच तसा होता. तळहातावर ज्या तीन-चार मोठ्या रेषा असतात, मूठ मिटताना जिथे कातडी दुमडते, त्या नव्हत्या. मी त्यांना मूठ मिटायला लावली, उघडायला लावली. घडी पडली आणि उघडताच निघून गेली, मळलेल्या कणकेवर बोट फिरवावं तशी.

दुकानात ट्यूबलाइट एकच होती आणि तीही फडफडत होती. उजेड कमी आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि बातमीत 'मिठानं झिजलेले हात' असं लिहून टाकलं.

३

बातमीसोबत फोटो हवा होता. गोदूबाई म्हणाल्या, "फोटूला काय तोटा? माजा भाचा हाय ना. घरी चल."

हरेश घरतचा पळस्पे फाट्याजवळ विटा-रेतीचा धंदा. सुकापूरला स्वतःच्या जागेवर बांधलेल्या इमारतीत वरचा मजला घरच्यांसाठी ठेवलेला. माणूस हसतमुख, पाहुणचार करणारा. त्याची बायको मनस्वी चहा ठेवायला गेली आणि यानं मला काचेचं कपाट दाखवलं. आत ओल धरू नये म्हणून छोटं यंत्र, हिरवा आकडा, आणि ओळीनं कॅमेरे.

"हा पहिला. मनस्वीच्या वाढदिवसाला घेतला, नाव तिचं, हौस माझी," तो म्हणाला. "सोबत आलेली लेन्स म्हणजे खेळणं. सगळे सुरुवातीला त्यावरच फसतात. मग पन्नासची घेतली. मग कळलं की चेहऱ्याला पंच्याऐंशी पाहिजे. मग कळलं की कॅमेऱ्याची बॉडीच लहान आहे, काच कितीही चांगली लावली तरी उपयोग नाही. मग ही फुल फ्रेम, मोठी बॉडी. साहेब, या हौसेला शेवट नाही."

"विषय कोणता?" मी विचारलं. "पक्षी, डोंगर, काय?"

"आत्या."

प्रत्येक नवी लेन्स आली की तो गॅलरीत त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात आत्याला बसवत होता. सगळे करतात असं, तो म्हणाला. विषय एकच ठेवला की लेन्समधला फरक कळतो. कुणी फुलदाणी ठेवतं, कुणी भिंतीच्या विटा. पण म्हातारा चेहरा सगळ्यात उत्तम, कारण त्यावर बारकावे भरपूर असतात. खारघरच्या फोटोग्राफी क्लबात सगळ्यांकडे आपापला म्हातारा असतो.

दिवाणखान्याच्या भिंतीवर तो फोटो होता, दारापेक्षा थोडा लहान. गोदूबाईंचा चेहरा आणि गालाला लावलेला उघडा पंजा. मी फोटो पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे कबूल करतो, काम जबरदस्त होतं. कपाळावरचं हिरवट गोंदण, हनुवटीवरचा चामखीळ, ओठांभोवतीच्या बारीक भेगा, तळहाताची एकूण एक रेघ. गाल आत गेलेले, तोंडात विडी, अंगावर फाटकं लुगडं. खाली पितळी पट्टी: 'काळाच्या रेषा, प्रथम पारितोषिक'.

"विडी ओढता?" मी गोदूबाईंना विचारलं.

"नाय रं. यानंच दिली तोंडात. ठसका लागला तरी काडू देत नव्हता."

"आणि लुगडं?"

"ते फरशी पुसायचं होतं," मनस्वी चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"कवळी पन काडाला लावली," गोदूबाई म्हणाल्या. "म्हनं गाल आत गेलं पायजेत. दोन दिवस मी काय चावलंच नाय. बक्षीस मिलालं तवा सगल्यांनी जेवन केलान. माजी कवळी सापडलीच नाय त्या दिवशी."

हरेश मनापासून हसला. "कॅरेक्टर येतं, साहेब. कवळी लावली की आत्या शाळेतल्या बाईंसारखी दिसते."

मी त्याला विचारलं, की हा फोटो लावायला तुम्ही त्यांना विचारलं होतं का? तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला, जणू मीच काही बिनडोक बोललो.

"आत्याला काय विचारायचं? घरची आहे."

मी फोटोकडून खुर्चीतल्या गोदूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर जरा मागे घेतला होता. हनुवटीवर चामखीळ नव्हता.

४

निघताना त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तू पेपरवाला ना? त्याला सांग, आता बस कर म्हनावं."

"काय बस कर?"

"फोटू." त्यांनी कपाळावरचा पदर सारला. "इथं बग."

कपाळ स्वच्छ होतं. आत भिंतीवर ज्या जागी मी तीन ठिपके आणि चंद्रकोर पाहिली होती, तिथे काही नव्हतं. व्रण नाही, डाग नाही. वयाच्या मानानं नको इतकी तुळतुळीत कातडी.

"मी नवरी झालं त्याच्या आधीचं गोंदण ते," त्या म्हणाल्या. "माज्या आईनं मांडीवर डोकं दाबून धरलावतं. सोनंनाणं सगलं हितं ऱ्हातं, गोंदण तेवडं बाईच्या बरोबर जातं. वर गेलं की माजी मानसं मना कशी वलखतील, त्यावरनंच ना? आता काय दाखवू?"

गोंदण म्हातारपणी पुसट होतं, असं मी म्हणालो. मला तेव्हा तेच खरं वाटत होतं.

"पुसट व्हाला वर्सं लागतात. हे त्या नलीवाल्या लेन्सनं काडला, तवा सकाली होता, दुपारी नव्हता. चामखीळ गेला तवा मी हसलं. बरा झाला म्हटला, सुटला. हाताच्या रेगा गेल्या तरी म्हटला, ठीक, आता काय ज्योतिशाला दाखवाचा हाय. पन हे नको. बाबा, मी त्याच्या पायाशी नाय पडनार, मी त्याची आत्या हाय. तू सांग."

खालच्या मजल्यावरची कुणी बाई भाजी घेऊन वर येत होती. गोदूबाईंना पाहून थांबली. "आत्या, काय ओ लावता तोंडाला? दिवसेंदिवस तरुण होताय."

"भाचसुनेचं क्रीम चोरतंय," गोदूबाई म्हणाल्या आणि पदर पुढे ओढला.

५

मी हरेशला फोन केला. अंधश्रद्धा पसरवू नका साहेब, तुम्ही शिकलेले आहात, असं त्यानं मलाच ऐकवलं. वाद मला नवा नाही. पण या वादात माझ्या बाजूला काय आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि अशा वेळी मी जे करतो तेच केलं. बातमी दुसऱ्या बाजूनं पाहायचं ठरवलं. म्हाताऱ्या बाईला डॉक्टरकडे नेलं का, एवढाच प्रश्न लावून धरला.

नेलं होतं, मनस्वीनं. डॉक्टर म्हणाले होते सूज आहे. चेहरा सुजला की सुरकुत्या भरून निघतात, असं त्यांनी समजावलं होतं. तपासण्या लिहून दिल्या होत्या. तपासण्यांत काही निघालं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला हरेशनंच मला बोलावलं. नवा कॅमेरा आला होता आणि दाखवायला माणूस हवा होता. "तुमचा गैरसमज दूर करतो," म्हणाला. सकाळची वेळ होती, गॅलरीत कोवळं ऊन. गोदूबाई खुर्चीत. त्यांनी मला पाहिलं.

आधी त्यानं संगणकावर मागच्या महिन्याचे फोटो लावले आणि मोठे करत गेला.

"हे बघा. प्रॉब्लेम आत्यात नाही, लेन्समध्ये आहे. खुर्चीच्या प्लास्टिकवरचे ओरखडे बघा, लख्ख. मागची कुंडी, तिच्यावरची माती, लख्ख. लुगड्याचा धागा न् धागा. आणि चेहरा बघा. सॉफ्ट. एकदम सॉफ्ट, पुसट. फोकस चेहऱ्यावर आहे आणि चेहराच सॉफ्ट. याला आम्ही म्हणतो लेन्स खराब निघाली. मी दोन बदलल्या. तिसरी घेतली तरी तेच. म्हणून आता बॉडीच बदलली."

"आणि चेहराच बदलला असला तर?"

"साहेब, चेहरा कसा सॉफ्ट होईल?" तो म्हणाला. "चेहरा काय लेन्स आहे?"

मग त्यानं नवा कॅमेरा माझ्या हातात दिला. यात तुम्हाला काही करावं लागत नाही, समोर माणूस आला की कॅमेरा स्वतः त्याचा डोळा शोधतो, त्यावर हिरवी चौकट बसते, माणूस हलला तरी ती सोडत नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला. हिरवी चौकट लगेच मनस्वीच्या डोळ्यावर बसली. ती ओट्याकडे गेली, चौकट तिच्यामागे गेली. हरेशवर बसली. मी गॅलरीकडे वळलो.

खुर्ची दिसत होती, लुगडं दिसत होतं, पदराखाली चेहऱ्याचा गोल दिसत होता. चौकट आली नाही. मी थांबलो. गोदूबाई सरळ माझ्याकडे बघत होत्या. चौकट कुठेही बसायला तयार नव्हती. कुंडीवर गेली, सोडली. दोरीवरच्या चिमट्यावर गेली, सोडली.

"जरा उजवीकडे व्हा, आत्याचा चेहरा धरेल," हरेश म्हणाला.

मी उजवीकडे झालो आणि दिवाणखान्याची भिंत कडेनं कॅमेऱ्यात दिसायला लागली. हिरवी चौकट तिथे झेपावली आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोतल्या डोळ्यावर बसली.

"फोटोतले डोळेपण धरतो तो," हरेश म्हणाला. "एवढा भारी आहे."

मी हात स्थिर ठेवला होता. कोपर दाराच्या चौकटीला टेकवलेलं होतं. ती हिरवी चौकट फोटोतल्या डोळ्यावरून जरा डावीकडे सरकली, थांबली, मग आणखी डावीकडे. खुर्चीच्या दिशेनं. मी कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. फोटो होता तसा होता. माझा हात हलला असणार. वय झालं की हलतो.

"बगितलास?" गोदूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "ती मनाच बगते दिवसभर."

"आत्या, बोलू नको, ओठ हलतात," हरेश म्हणाला. तो नवी लेन्स चढवत होता. मुंगीच्या पायाचे केस दिसतील अशी. "आज फक्त डोळा घेणार आहे. एकच डोळा, पूर्ण फ्रेमभर."

६

त्या दिवशी मी त्याला अडवलं. दोघांच्या मध्ये उभा राहिलो, आणि पोलिसांत जाईन म्हणालो. कशाबद्दल, असं त्यानं शांतपणे विचारलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आत्याचा फोटो, कायद्याचं कलम सांगा. मला कलम सांगता आलं नाही. कलम नसलं की माणसं किती निर्धास्त होतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. मनस्वीनं मला दारापर्यंत सोडलं. "तुम्ही येऊ नका आता," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर ते जास्त काढतात."

त्यानंतर काही दिवसांनी गोदूबाई घरातून निघून गेल्या. उरणची गाडी पकडायची होती, असं नंतर कळलं, मिठागराकडे. पळस्पे फाट्याला उलट्या बाजूच्या थांब्यावर बसलेल्या सापडल्या. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, म्हणून पाटी चुकली.

पोलिसांनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. आधार कार्ड कनवटीला होतं. कार्डावरच्या फोटोत सुरकुतलेली म्हातारी आणि समोर ही. अंगठा लावला, लागला नाही. 'दुसऱ्या बाईचं कार्ड बाळगणारी अनोळखी स्त्री' अशी नोंद झाली. त्यांना निवारागृहात पाठवलं.

त्याच दिवशी हरेशनं आत्या हरवल्याची तक्रार दिली. सोबत फोटो दिला. कोणता, ते सांगायला नको. पोलिसांनी त्याची पत्रकं छापली आणि सगळीकडे वाटली. निवारागृहातही एक आलं. किशोरीताईंनी ते जेवणघराच्या भिंतीवर चिकटवलं आणि सगळ्या बायकांना सांगितलं, ही आजी कुठे दिसली तर कळवा. गोदूबाई त्या पत्रकाखाली पाठ करून जेवायच्या.

मला किशोरीताईंचा फोन आला. जुन्या ओळखीच्या, सरळ बाई. "एक बाई आहे, तुमचं नाव घेते. म्हणते पेपरवाल्याला बोलवा, तो मना वलखतो."

मी गेलो. त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पदर पूर्ण ओढलेला. मी नाव सांगितलं.

"आलास," त्या म्हणाल्या. आवाज तोच होता. "मना घरी नको. उरनला सोड. मीठ हाय तितं. मिठात काय दिसत नाय, सगलं पांडरं."

मी म्हणालो की त्यासाठी आधी तुम्ही गोदूबाई आहात हे लिहून घ्यावं लागेल, नाहीतर हे लोक सोडणार नाहीत.

"मंग लिव," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

खिडकीतून उजेड येत होता. मी त्यांचा चेहरा पूर्ण पाहिला नाही, कारण मी मान खाली घातली. जेवढा पाहिला तेवढा सांगतो. उजव्या बाजूला पापणी होती. पापणीच्या कडेला घडी नव्हती, केस नव्हते, आणि आत तपकिरी रंग होता. सारखा, सपाट तपकिरी, शर्टाच्या बटणासारखा. त्यात मधलं काळं नव्हतं.

७

मी साळवींच्या मागे लागलो. तीन वेळा पोलीस ठाण्यात जाऊन बसलो, वर साहेबांना अर्ज दिला, बातमी छापायची धमकी दिली आणि छापलीही. शेवटी त्यांनी हरेश आणि मनस्वीला निवारागृहात बोलावलं.

हरेश मोबाइलवर बक्षिसाचा फोटो उघडून उभा राहिला. फोटो बघितला, खाटेवरच्या बाईकडे बघितलं, परत फोटो. मोठा करून बघितला.

"ही आत्या नाही," तो म्हणाला.

"हरेश," खाटेवरून आवाज आला. "मी तुज्या बापाची भन. तुला गोवर झालावता तवा कोन बसलावता उशाला?"

हरेशचा चेहरा पडला. क्षणभर मला वाटलं, झालं. मग त्यानं पुन्हा मोबाइलकडे पाहिलं आणि तो सावरला.

"आवाज सारखे असतात. साहेब, माझ्याइतका आत्याचा चेहरा जगात कुणी बघितलेला नाही. शंभर टक्के झूम करून बघितलाय मी. एक तीळ दाखवा हिच्यावर. एक रेघ दाखवा."

साळवींनी मनस्वीला विचारलं. ती कितीतरी वेळ त्या पावलांकडे बघत होती. गोदूबाईंच्या टाचांना एकही भेग नव्हती. "हे म्हणतात तसं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

मी तिथे आवाज चढवला, हे नाकारत नाही. चढवायलाच पाहिजे होता. मी म्हणालो की जुन्या फोटोवर माणूस नाकारता कसा, डीएनए करा. साळवी म्हणाले, डीएनएला वरून परवानगी लागते आणि परवानगीच्या अर्जाला अनोळखी व्यक्तीचा ताजा आणि स्पष्ट फोटो जोडावा लागतो. निवारागृहाच्या मोबाइलवर काढलेले सगळे धुरकट येतात.

"मग स्पष्ट येईल असा काढा," मी म्हणालो. "समोर उभा आहे ना तालुक्यातला एक नंबर."

हरेशनं मान डोलावली. गाडीत कॅमेरा होता. नवी बॉडीही होती, त्या आठवड्यातच आलेली. तिचं अजून टेस्टिंग झालं नव्हतं.

८

गोदूबाईंना किशोरीताईंनी हाताला धरून व्हरांड्यात आणलं. आत उजेड कमी पडतो, असं हरेश म्हणाला होता. खुर्ची त्यानं स्वतः जाळीपासून थोडी पुढे ओढली.

"फोटू?" गोदूबाईंनी विचारलं.

"एकच," मी म्हणालो. "मग सुटका."

त्या खुर्चीत बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक. हरेशनं पदर मागे घ्यायला सांगितला. किशोरीताई पुढे झाल्या, पदर मागे केला आणि माझ्याकडे न बघता दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होतो. वर बघितलं नाही.

बटण दाबल्याचा आवाज आजकालच्या कॅमेऱ्यांना नसतो. हरेश नुसतं "अरे" म्हणाला.

मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं, जे फोटो काढल्यावर प्रत्येक माणूस करतो. पडदा बघायला गोळा झालो. साळवी वाकले, किशोरीताई दारातून आल्या, मी मागून मान घातली. ज्या चौघांनी समोर बघायचं ते चौघे कॅमेऱ्याच्या पाठीवर वाकलेले होते.

पडद्यावर गोदूबाई होत्या. सगळ्या. गोंदण, चामखीळ, ओठांच्या भेगा, दोन्ही डोळे आणि डोळ्यांत काळं. हरेशनं मोठं करायला सुरुवात केली. कपाळ, गाल, पापणी. कुठेही काही हरवलेलं नव्हतं.

"शार्प," तो म्हणाला. "पहिल्यांदा पूर्ण शार्प."

मग त्यानं फोटो खाली सरकवला आणि आम्हाला हात दिसले. मांडीवर नव्हते. वर उचललेले होते, दोन्ही पंजे पुढे, आमच्याकडे. तळहाताची एकूण एक रेघ दिसत होती, पण मधोमध पांढरी, चपटी. बसच्या बंद खिडकीवर आतून हात दाबला की तो बाहेरून दिसतो तशी. तोंड उघडं होतं. मला तेवढंच दिसलं, कारण तेव्हा किशोरीताईंनी मान वर करून खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांच्या घशातून जो आवाज आला त्यानं साळवींनी कॅमेरा हिसकावून बंद केला.

साळवी खुर्चीकडे गेले नाहीत. आधी दाराकडे धावले, मग जाळी हलवून पाहिली, मग स्वयंपाकघरात गेले आणि आमटी ढवळणाऱ्या बाईला विचारलं, कुणी गेलं का इथून. कुणी गेलं नव्हतं.

तो कॅमेरा आणि त्यातलं कार्ड जप्त आहे. कार्डात काय आहे हे मी लेखी विचारलंय. 'तपास सुरू' असं उत्तर आलं. हरेशनं क्लबात कुणाला तरी सांगितलंय की तो फोटो परत मिळाला तर मोठ्या स्पर्धेला पाठवणार. गोदूबाई कडू हरवल्याची तक्रार वेगळी आणि अनोळखी बाई पळाल्याची नोंद वेगळी. दोन्ही एकत्र करायला साळवींची तयारी नाही, कारण फोटो जुळत नाही.

पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे, म्हणून त्यातली एक ओळ मला पाठ आहे. खुर्चीवर हिरवं नऊवारी लुगडं मिळालं. ते सोडलेलं नव्हतं, काढून ठेवलेलं नव्हतं. काष्टा मागे खोचलेला होता, निऱ्या जागच्या जागी होत्या, कमरेला बांधतात ती गाठ घट्ट बसलेली होती. पोलिसांनी लुगडं तसंच उचललं, पिशवीत घालून मोहोर लावली. गाठ अजून कुणी सोडलेली नाही.